रविवारी सरकार बंद

शेषरावांना वेबसाईटवर जायचं असलं की ते आधी दाढी करत.

मग इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वडीगोद्रीत हायवेला लागून माझा टायपिंगचा क्लास होता. त्यातच दोन कॉम्प्युटर मांडून मी नेट कॅफे सुरू केला होता. शेषराव दारात चपला काढत, कॉम्प्युटरला नमस्कार करत आणि खुर्चीच्या टोकावर अवघडून बसत. म्हणायचे, "बाई, सरकारच्या दारात आलो, ऐसपैस कसं बसावं?"

ते इथल्याच एका छोट्या बालगृहाचे अधीक्षक. एकटा जीव. हरवलेली मुलं सांभाळायची आणि त्यांचं घर शोधायचं, हे त्यांचं काम. सरकारी खात्यानं तेव्हा अशा संस्थांसाठी नवी वेबसाईट काढली होती. सापडलेल्या मुलाचा फोटो आणि माहिती तिच्यावर टाकली की राज्यातल्या सगळ्या बालगृहांना दिसायची. पासवर्ड त्यांनी सांभाळायला माझ्याकडेच दिला होता.

आयुष्य सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर गेलेलं, त्यामुळे तिथले सगळे कायदे त्यांनी वेबसाईटला लावले. जेवणाच्या सुट्टीत यायचे नाहीत, "साहेब जेवून राह्यले असतील." पान उघडायला वेळ लागला आणि मी चिडले, तर मलाच दटावत, "जल्दी करू नका. आत दुसरं कोणी असंल." आणि रविवारी तर बिलकुल नाही. रविवारी सरकार बंद! वेबसाईट रात्रंदिवस चालू असते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ते नुसते हसत. "बाई, तुम्ही शिकलेल्या, पण सरकारी नोकरी कुठं केली?"

एकदा ते चिमीला घेऊन आले. चारेक वर्षांची, ऊसतोड कामगारांची पोर. कुठल्याशा कारखान्यावर रिकाम्या ट्रकमध्ये चढून झोपलेली. ट्रक चार ठिकाणी फिरून इथं चहाला थांबला, तेव्हा ड्रायव्हरला दिसली.

"आईचं नाव काय गं?" मी विचारलं.

"आई."

"गाव?"

तिनं विचार केला. "हिऱ्या आन् पाखऱ्या."

"हे तिचे बैल," शेषराव म्हणाले. "लिहा, बाई."

"अहो, बैलांची नावं काय टाकायची? लोक हसतील."

"हसू द्या. लेकराला जेवढं ठाऊक हाय, तेवढं बराबर गेलं पायजे."

मग रविवार सोडून ती दोघं रोज येऊ लागली. ती माझ्या टाइपरायटरवर धडाधडा बोटं आपटायची, ते पडद्याकडं टक लावून बसायचे. उत्तर नसलं की तिला भजी घेऊन द्यायचे आणि परत न्यायचे.

उत्तर आलं ते नेमकं रविवारी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहाचं होतं. लेक हरवली म्हणून रडत आलेल्या एका बाईला तिथल्या ताईंनी बैलांची नावं विचारली होती. हिऱ्या आणि पाखऱ्या! मी तशीच पळत बालगृहात गेले.

शेषराव अंगणात बनियनवर बसून चिमीची वेणी घालत होते. बेसूर काहीतरी गातही होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी रिबीन बांधून पुरी केली.

"आज रविवार हाय, बाई."

"शेषराव, अहो, काय बोलता!"

"मला पहिल्यापासून ठाऊक हाय, ती रविवारी बी चालू असती," ते हळूच म्हणाले. "आठवडाभर हिचं घर शोधून राह्यलो. मंग म्हणलं, एक दिस तरी पोर आपली असू द्यावी."

 पण ते लगेच उठले, चिमीला खांद्यावर घेतलं आणि तसेच बनियनवर, दाढी न करता, माझ्यापुढं कॅफेकडं पळत सुटले.

बालकल्याण समितीनं कागद बघून परवानगी दिली आणि आईबाप आले. आई रडत होती, बाप रडत होता, आणि चिमी विचारत होती, "बैल कुठंयत?" सगळ्यात मोठ्यानं शेषराव हसले.

पुढच्या रविवारी सकाळी कुणीतरी माझं शटर वाजवलं. बघते तर शेषराव. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"अहो, आज रविवार!"

"असू द्या, उघडा," ते चपला काढत म्हणाले. "आता घरी बसून वेणी कोणाची घालू?"