अल्पशा आजाराचं गाव

बिद्रीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात कॅन्सरनं कुणी मरत नाही. ही बढाई नव्हे, सरकारदरबारी तशी नोंद आहे. या रोगाचा आमच्याकडचा मृत्युदर शून्य आहे, आणि शून्याच्या खाली जायची सोय असती तर सरपंच अमरसिंहांनी तेवढंही करून दाखवलं असतं.

माणसं मरत नाहीत असं नव्हे. चांगली मरतात. तंबाखू धरून धरून ज्यांचा गालच गेला ते मरतात, पोटातल्या गोळ्याला वर्षभर अंगारा लावणारे मरतात. पण चौकातल्या फ्लेक्सवर मजकूर एकच: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. माणूस सहा महिने चमचाभर पाण्यावर असला तरी आजार आपला अल्पसाच! घरात लग्नाची पोरगी असते, रोगाचं नाव फुटलं तर आलेलं स्थळ परत जातं. त्यामुळं नावच घ्यायचं नाही, अशी आमची रीत आहे.

मृत्यूची नोंद ग्रामसेवक आकारामभाऊ करतात. एकदा एक नातेवाईक दवाखान्याचे कागद काढायला लागला, तसा त्यांनी हात वर केला.

"शेवटी हृदय बंद पडलं का न्हाय?"

"पडलं की."

"मग झालं. हृदयविकार."

या शास्त्रीय पद्धतीत गावातला प्रत्येक मयत बसला. ट्रॅक्टरखाली सापडलेलाही बसला असता, पण विम्यासाठी घरच्यांना अपघातच पाहिजे होता.

पुढं 'कर्करोगमुक्त ग्राम' स्पर्धा निघाली आणि अर्थातच आम्ही पहिले आलो. सरपंचांना फेटा, शाल, ट्रॉफी. शेजारच्या गावाची मात्र पार बेअब्रू झाली. तिथली माणसं मेली ती मेली, वर कशानं मेली हेही सांगून बसली! आकडा फुगला, आणि म्हणून त्यांच्याकडं तपासणीची गाडी सुरू झाली. डॉक्टर, मशीन, सगळं फुकट. जिथं रोगच नाही तिथं गाडी कशाला, हे आम्हालाही पटलं.

पण दोन वर्षांत तिथं रोगी वाढले आणि मरणारे घटले. सरपंचांना हे काही केल्या उमजेना. "रोगी जास्त नि मयत कमी? लबाड हाईत लेकाचे!"

अशात त्यांची सख्खी चुलती आक्काताई हिला छातीत गाठ लागली. चार म्हशींचं दूध काढणारी बाई, आवाज वेशीपर्यंत जाणारा. ती थेट पंचायतीत आली.

"अमर, ती गाडी बोलाव."

"काकी, हळू बोल की. त्यो रोग आपल्या हद्दीत न्हाय."

"हद्दीत नसंल, माझ्या अंगात असंल की!"

सरपंचांनी तोडगा काढला. आक्काताईनं शेजारच्या गावात भाचीकडं पावणी म्हणून राहावं, तिथल्या गाडीत दाखवावं, आणि काही कमी-जास्त झालंच तर तेही तिथंच उरकावं. मरण जिथं, नोंद तिथं. आकारामभाऊंनी याला 'आंतरग्राम रुग्ण समायोजन' असं नाव दिलं आणि ठराव ग्रामसभेत मांडला. टाळ्याही पडल्या.

आक्काताई उठली. "मरायला पावणी जाऊ व्हय रं? गाठ हाय मला. कॅन्सर असंल, नसंल. कॅन्सर! ऐकलंस? आणि तुझा बा कशानं गेला? हृदयानं? वर्षभर त्याला नळीनं दूध मीच घालत हुते!"

कुणीतरी धावत जाऊन माईक बंद केला. तिला माईकची गरज नव्हती, ती गोष्ट वेगळी. सरपंचांनी मान खाली घातली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं संयोगिता उठली, "मला बी दाखवायचं हाय." मग धोंडुबाई उठली. मग कोण कोण उठलं ते आकारामभाऊंनी मुद्दाम बघितलं नाही.

गाडी आली. गाडीतल्या डॉक्टर क्रांतीताईंनी तपासण्या करून आक्काताईला सांगितलं, "कॅन्सर आहे, पण वेळेत आलात." कोल्हापुरात ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि बाई पुन्हा म्हशींखाली बसली. त्या वर्षी गावात तीन मयत मात्र रोगाच्या खऱ्या नावानं नोंदले गेले. शून्य गेलं, ट्रॉफी परत मागवली गेली. कॅन्सर गावात गाडीबरोबरच शिरला, असं आता गावाचं ठाम मत आहे. "गाडी यायच्या आधी हुता का एक तरी?" सरपंच विचारतात. आक्काताईकडं चहाला जायचं तेवढं लोकांनी बंद केलंय.

हसलात ना? हसा की. शिकलेली माणसं तुम्ही. मग सांगा बघू, तुमची आजी कशानं गेली? "काही नाही हो, वय झालं होतं." बरं. आणि परवा आई फोनवर म्हणाली, जरा दुखतंय, होईल कमी. तेव्हा तुम्ही "काळजी घे" म्हणून फोन ठेवलात.