वॉर्निशचे दोन हात

मोटर वाइंडिंगवाल्या काकांनी एकदा बांधून दिलेली मोटर पुन्हा दुरुस्तीला आली, असं आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी तारा भरून दिलेला एक पंप तर विहीर आटली तरी थांबेना. शेवटी मालकालाच नवी विहीर खणावी लागली. हे मला खुद्द काकांनी सांगितलं आहे, तेव्हा यातलं निम्मं तरी खरं असणारच.

घरीही तोच प्रकार. त्यांच्या टेबलफॅनला धरून मुलगी उभं राहायला शिकली, आणि आता तिला नोकरी लागली तरी तो फॅन आपला कुरकुरत मान हलवतोच आहे. मिक्सर मेला तर नवा घेऊ, या आशेवर काकूंनी अठरा वर्षं काढली होती.

तेव्हा मुलीने गेमिंग लॅपटॉप घ्यायचा विषय काढला आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड टिकाऊ हवं असं म्हटलं, त्या क्षणी काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "टिकाऊ ना? मग ते माझ्यावर सोड."

लॅपटॉप तसा खेळायला नव्हता. न बांधलेली घरं आतून-बाहेरून फिरून दाखवायची, अशी चित्रं करायचं काम तिला मिळालं होतं. घरूनच करायचं, आणि सोमवारी सकाळी बरोब्बर नऊला सुरू. इतकी जड चित्रं ओढायची ताकद फक्त गेमवाल्या लॅपटॉपात असते. "मधेमधे खेळेनही," असं ती हळूच म्हणाली होती, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

तिघं गेले ते दुकान एका बाईंचं होतं. पुढे विक्री, मागे टेबलावर दुरुस्ती, दोन्ही त्याच बघत. त्यांनी कार्डांची नावं आणि आकडे सांगायला सुरुवात केली, तर काकांनी हात वर केला.

"नावं राहू द्या बाई. हे करंट किती खातं ते सांगा."

बाईंनी हातातला आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. असा प्रश्न त्यांना वर्षातून एखादाच माणूस विचारत असावा. मग त्यांनी नीट समजावलं. कार्ड एकच असलं तरी बारीक लॅपटॉपात त्याला वीज कमी देतात, नाहीतर तो तापतो. जाड्यात दुपटीने देतात.

"म्हणजे मोटर तीच, पण या बारक्याने तिला अर्धपोटी ठेवलीय."

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचंही त्यांनी सांगितलं. आज सहा जीबीची पुरते, पण कामं दरवर्षी जड होत जातात, तेव्हा आठ किंवा जास्तीचं कार्डच पुढे दम धरतं. काकांनी मान डोलावली आणि मग आपली ती जगप्रसिद्ध परीक्षा सुरू केली. दोन्ही लॅपटॉपांवर सगळ्यांत जड गेम लावायला सांगितला आणि दोन्हींच्या पाठीवर एकेक तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मोटर भारावर चालवायची आणि अंगावर हात ठेवून आकडे मोजायचे. जिच्यावर हात ठरतो ती टिकते. चाळीस वर्षं त्यांचा हात कधी खोटं बोलला नव्हता.

हात उचलत, पुन्हा ठेवत पाऊण तास झाला. पडद्यावर माणसं धडाधड मरत होती आणि काका समाधी लागल्यासारखे उभे. इतर गिऱ्हाइकंही आपलं काम विसरून मोजायला लागली. शेवटच्या मोजणीत बारक्यावर सात म्हणेपर्यंत हात उचलावा लागला. जाड्याचे पंखे विमान उडाल्यासारखे घोंघावत होते, पण पाठ कोमट.

"हा," काका म्हणाले.

"बाबा, हा फार जड आहे हो."

"टिकणारी वस्तू जडच असते. तुझ्या आईकडे बघ."

काकूंनी हे ऐकून घेतलं आणि पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून मनात ठेवलं.

निवड उत्तम झाली होती. बाईंनीही तसं सांगितलं. इथेच थांबले असते तर मला आज लिहायला काहीच उरलं नसतं. पण निघता निघता बाई म्हणाल्या, "पाच-सहा वर्षं बघायला नको."

पाच-सहा! ज्या माणसाच्या घरात पाच-सहा वर्षांनी वस्तूवरचं प्लॅस्टिक निघतं, त्याला हे कसं झोंबावं!

रविवारी मुलगी मैत्रिणीकडे जेवायला गेली, पाचपर्यंत येते म्हणाली. काकू आडव्या झाल्या. काकांनी आपल्या दुकानातून वॉर्निशची बाटली आणि ब्रश आणला. त्यांच्या धंद्यात तारा भरून झाल्या की वरून वॉर्निश देतात आणि भाजून वाळवतात. मग ना दमट हवा आत शिरते, ना तार हलते. कार्डाला एक हात मारला की वीस वर्षं काळजी मिटली, असा त्यांचा साधा हिशेब.

मागचं झाकण उघडून त्यांनी आधी बॅटरीची पिन काढली, कारण वीज तोडल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत. आत तांब्याच्या जाड नळ्या पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. आणि एका कोपऱ्यात, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली, दोन बोटांएवढी काळी चकचकीत पट्टी ऐटीत बसली होती. एवढा रुबाब असलेली वस्तू म्हणजे कार्डच! काकांनी एक हात दिला. मग पोटच्या पोरीचं आहे म्हणून आणखी एक दिला. टेबलावरचा मोठा दिवा खाली ओढून लॅपटॉप त्याखाली वाळत ठेवला. अंडी उबवायला ठेवावीत, तसं ते दृश्य होतं.

वासाने काकूंना जाग आली. काय जळतंय म्हणून त्यांनी आतूनच विचारलं.

"काही नाही, जेवणाच्या खुर्चीला पॉलिश करतोय," काका बोलून गेले. बोलून गेल्यावर खुर्ची कोरडी आहे हे लक्षात आलं. धावत जाऊन त्यांनी तिच्यावर सपासप ब्रश फिरवला आणि पुन्हा मुलीच्या खोलीत शिरले. तीन वर्षं मागे लागूनही झालं नव्हतं ते काम न सांगता झालेलं ऐकून काकूंना भरून आलं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "वाळलं का हो?"

काका तेव्हा पट्टीला बोट लावून बघत होते. "वाळलं, खडखडीत!"

काकू विश्वासाने बसल्या.

इकडे काकांनी झाकण लावलं. एक स्क्रू उरला, पण त्यांना चांगल्या कारागिराचा एखादा उरतोच असं वाटत असे. बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. लाडाने दाबलं. लॅपटॉप दगडासारखा पडून होता. घड्याळात साडेचार वाजले होते. उद्या नऊला पोरीच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि तिच्या बापाने आदल्या दुपारी हे करून ठेवलं!  त्यांनी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात कोंबला आणि बाहेरच्या खोलीतून काकूंची "अहो" अशी विचित्र हाक येत असतानाच "आलोच" म्हणून ते जिना उतरले.

कोपऱ्यावर समोरून मुलगी.

"बाबा, हे काय?"

"उशी."

"चौकोनी?"

"टिकाऊ आहे," काका म्हणाले आणि चक्क पळाले.

बाई दुकान बंद करत होत्या. काकांचा चेहरा पाहून त्यांनी शटर पुन्हा वर केलं. मागच्या टेबलावर झाकण उघडताच त्यांनी नाक वाकडं केलं. हे कोणी उघडलं, असं त्यांनी विचारलं.

"शेजाऱ्याने."

"शेजारी मोटरचं काम करतात का?"

काकांनी छताचा पंखा न्याहाळायला घेतला. बाईंनी एका बोटाने बॅटरीची पिन जागेवर दाबली. टक् असा आवाज झाला. पडदा उजळला, पंखे घोंघावले, आणि काका स्टुलावर बसले. 

"आणि कार्ड? त्याला... त्या शेजाऱ्याने वॉर्निश दिलंय. दोन हात."

बाईंनी दिवा जवळ घेतला, बघितलं, आणि इतका वेळ हसू दाबलं की त्यांचा चष्मा हलायला लागला. मग सांगितलं, की लॅपटॉपात कार्ड सुटं नसतंच. ते या नळ्यांखाली मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर सोल्डर केलेलं असतं. "सापडलं नाही हे नशीब, असं शेजाऱ्यांना सांगा. हे नुसतं झाकण आहे. पुढे फाइलींची साठवण वाढवायची असेल तर एक पट्टी बसते इथे. आत्ता खाली काही नाही."

रिकाम्या जागेच्या झाकणाला चाळीस वर्षांच्या अनुभवाचे दोन हात! काकांना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

काकांच्या खिशातला उरलेला स्क्रू बाईंनी लावून दिला आणि काका घरी परतले. आता लॅपटॉप कुठे होता याचं उत्तर काय द्यायचं, हे जिन्यात जुळवत होते. पण त्याची गरजच पडली नाही. गेला पाऊण तास मुलगी आईला खुर्चीपासून सोडवत होती. तिला आपल्या खोलीत डोकवायलाही सवड मिळाली नव्हती. काकांनी गुपचूप लॅपटॉप जागेवर ठेवला आणि मदतीला आले. काकू सुटल्या, गाऊनचा थोडा भाग मात्र खुर्चीनेच ठेवून घेतला.

सोमवारी नऊला लॅपटॉप सुरू झाला. पहिल्या घराच्या दारातून मुलगी आत गेली, जिना चढली, गच्चीवर पोचली. "बाबा, काय भारी निवडलात!" ती म्हणाली. काका कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते. वॉर्निशच्या वासाने, असं त्यांनी सांगितलं.

तीन वर्षं झाली. कार्ड अजून ठणठणीत आहे, पाठ कोमट. फक्त परवा साठवण भरली म्हणून मुलगी स्वतःच लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेली आणि संध्याकाळी घरी आली ती हाताची घडी घालून.

"बाबा, आपला मोटरचं काम करणारा शेजारी कुठे राहतो हो?"

काका पेपरात शिरले. काकूंनी भाजी निवडता निवडता, न बघता सांगितलं, "माझ्या शेजारी. टिकाऊ आहे, म्हणून जडच जातो."

मुलगी हसली, तेव्हा काकांच्या डोक्यावरचं तीन वर्षांचं ओझं उतरलं. त्यांनी पेपर जरासा खाली केला.

"मग? झालं का काम?"

"कसलं होतंय! ते झाकण निघेचना. बाईंनी गरम करून बघितलं, स्क्रूड्रायव्हर वाकला. शेवटी त्यांनी हात टेकले."

"निघालंच नाही?"

"नाही."

काकांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बघितलंस? आणि त्या बाई पाच-सहा वर्षं म्हणत होत्या."