अडतीस मिनिटांचं प्रकाशन

सेनगाव तालुक्यातल्या प्रेमानंद वाठोरे याने जॅझ-फंक या प्रकारचा एक अल्बम तयार केला, ही बाब कुणाच्या तक्रारीवरून उघडकीस आलेली नाही. त्याने ती स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन सांगितली. तिथेच त्याचं चुकलं.

प्रेमानंद हा वरातीत कीबोर्ड वाजवणारा माणूस. बारा वर्षं त्याने टेम्पोत बसून वाजवलं आणि बारा वर्षांत त्याला कुणी ऐकलं नाही. लोक नाचले, ओरडले, मधेच गाणं बदलायला लावून मोकळे झाले. शेवटी त्याने आडतीच्या गोदामात चारी बाजूंनी सोयाबीनची पोती रचली आणि आपला बँड आत बसवून रेकॉर्डिंग केलं. ट्रम्पेटवर बहीण आकांक्षा, ड्रमवर तांड्यावरचा रणजीत, बास गिटारवर कुलदीप. आठ रचना, अडतीस मिनिटं, शब्द एकही नाही. गावाने एकदा खाली बसून हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याला सभागृह हवं होतं.

"ऐकायला हॉल देता येत न्हाई," ग्रामसेवक संतराम भाऊसाहेब म्हणाले. "बैठक, सत्कार, जयंती, प्रकाशन. यातलं काय?"

"भाऊसाहेब, लोकं येतील, बसतील, ऐकतील. बस."

"नुसतं बसून ऐकायचं? अन् फोटो कशाचा काढायचा?"

तेव्हा प्रकाशन ठरलं.

प्रकाशनाला स्पीकर लागतो आणि स्पीकरला पोलीस ठाण्याची परवानगी. अर्जासोबत प्रत्येक गाण्याचे शब्द तीन प्रतींत जोडायचे होते. शब्दच नाहीत, हे ऐकून जमादार सुदाम खुर्चीत सावरून बसले.

"शब्द काहून न्हाईत? काय लपवून राहिले तुमी?"

प्रेमानंदने चोवीस कोरे कागद जोडले आणि प्रत्येकावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून आणला. आठवड्याने अर्ज परत आला. पाचव्या रचनेच्या दुसऱ्या प्रतीवर शाईचा एक ठिपका होता, जो उरलेल्या दोन प्रतींवर नव्हता. मजकुरात तफावत, असा शेरा होता. प्रेमानंदने नवे चोवीस कागद आणले. या वेळी कागद सारखेच कोरे निघाले आणि अकरा ते दोन अशी परवानगी मिळाली.

आता पाहुणे. एका गटाच्या पुढाऱ्याला बोलावलं म्हणून दुसऱ्या गटाचा बोलवावा लागला आणि दोघांच्या मधे बसायला तिसरा. असं करत सोळा जण झाले. बॅनरवर सोळा चेहरे बसवल्यावर बँडच्या चौघांना जागा उरली नाही. त्यांच्याऐवजी छापणाऱ्याने कोपऱ्यात पेटीचं चित्र टाकलं. अल्बम होता पेन ड्राइव्हमध्ये, आणि तो बोटभर असल्याने सोळा जणांना मिळून हातात धरता येईना. म्हणून तीन फुटांचा पुठ्ठ्याचा पेन ड्राइव्ह करून त्याला चमकीचा कागद गुंडाळण्यात आला.

कार्यक्रम दणक्यात झाला. सभागृह भरलं होतं. पुठ्ठा उघडला, उंचावला, फोटोसाठी पुन्हा गुंडाळून पुन्हा उघडला. मग भाषणं. पहिल्या वक्त्यांनी जॅझ आपल्याच शिवारातून बाहेर गेल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी तो परत आणण्याचं श्रेय स्वतःच्या गटाला दिलं. सोळाव्यांनी तरुणांनी मोबाइल सोडून संगीत ऐकावं, असं मोबाइलवर बोलता बोलता सांगितलं. प्रेमानंदचा हात मघापासून स्पीकरच्या बटणावर होता. आभार संपले आणि त्याने ते दाबायला बोट टेकवलं, तोच संतराम भाऊसाहेबांनी तार उपटली.

"दोन वाजले. परवानगी खतम."

"पण भाऊसाहेब, आमी वाजवलंच न्हाई!"

"प्रकाशन झालं न्हाई का? आता ऐकायचं असंल तर अलग अर्ज करा. पण ऐकायला हॉल देता येत न्हाई, हे मी तुला पयलेच सांगितलं."

रणजीतने ड्रमच्या काड्या खिशात घातल्या. आकांक्षा म्हणाली, "दादा, चल घरी." प्रेमानंदला भर सभागृहात रडू आलं. पुढच्या रांगेतल्या लोकांना ते आनंदाश्रू वाटले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. बुंदीची पुडी सहीनंतरच मिळत असल्याने दोनशे अकरा जणांनी सह्या केल्या. 'अप्रतिम.' 'कान तृप्त झाले.' 'असंच वाजवत राहा.' प्रेमानंदचे वडील जळबा यांनीही चष्मा लावून लिहिलं, 'पोरानं नाव काढलं.'

वहीच्या शेवटच्या पानावर अजून एक ओळ रिकामी आहे. तिथे आपण सही करावी. आपणही कार्यक्रमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होतात, चेहरे मोजलेत, भाषणांना हसलात, आणि त्या आठ रचना वाजतात तरी कशा, हे आपणही एकदासुद्धा विचारलं नाहीत.