मागचा डावा बत्तीस

आमच्या चामोर्शीत कोणाच्या खिशाला पेन असतो, कोणाच्या खिशात चष्मा. नामदेवभाऊ रामटेक्यांच्या खिशात टायरची हवा मोजायचा गेज असतो. कडक इस्त्रीच्या, लग्नाला जायच्या शर्टातसुद्धा. माझ्या पुतण्याच्या लग्नात सजवलेली गाडी निघायला तयार, बँड वाजतोय, आणि हे गृहस्थ पांढऱ्या पँटमध्ये धुळीत गुडघे टेकून चाकापाशी बसलेले!

"थांबा थांबा! मागच्यात सव्वीसच आहे. नवरी आणाले चालले का टायर फोडाले?"

गाडी हवा भरायला चौकात गेली, नवरदेव आत बसलेलाच. मुहूर्त टळला तो टळलाच. वहिनी अजून मलाच बोलतात, जणू हवा मी सोडली होती.

नामदेवभाऊ माझे शेजारी. तीस वर्षं त्यांनी जंगलात सरकारी जीप हाकली. "पहिले हवा, मंग दुनिया," हे त्यांचं म्हणणं. "रेतीत अठरा, मुरमात चोवीस, डांबरावर बत्तीस," हा त्यांचा पाढा. मी जन्मभर शाळेत पाढे घोकून घेतले, पण इतक्या श्रद्धेने म्हणणारा विद्यार्थी मला एकही लाभला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घेतली. ती आता त्यांची मुलगी प्रज्ञा चालवते. प्रज्ञा गुरांची डॉक्टर. घोटच्या पलीकडे जंगलातल्या गावांत कुठे म्हैस अडली, कुठे बैलाला फऱ्या झाला की ही निघाली. भाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात हे दोघंच.

रोज सकाळी भाऊ चारही चाकांना बोटाच्या पेराने टकटक करतात. प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ आहे. "पुढचे दोन गुणाचे आहेत गुरुजी. मागचा उजवा जरा हेकट. मागचा डावा भोळा आहे, कोणाच्याबी काट्यावर विश्वास ठेवते."

मागच्या हिवाळ्यात भाऊंनी मोबाइलवरून एक यंत्र मागवलं. चाकाच्या व्हॉल्व्हवर बसणारी चार टोपणं आणि समोर ठेवायची एक डबी. गाडी चालू असताना चारही चाकांतली हवा डबीवर दिसते, कमी झाली की डबी ओरडते. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं. मी चष्मा लावून पहिलं पान वाचेपर्यंत यांची टोपणं बसवून झाली होती.

"किती कमी झाल्यावर ओरडायला हवी?" मी विचारलं.

"बत्तीसच्या खाली एक उतरली का ओरडली पाह्यजे. हवेत दयामाया नाई."

आता बघा. जो माणूस झोपेतही 'रेतीत अठरा' म्हणतो, तोच हे विसरला! प्रज्ञाने नदीच्या रेतीत उतरताना बापाच्याच शिकवणीप्रमाणे हवा अठरावर आणली, आणि डबीने बोंब ठोकली ती पार दुसऱ्या काठापर्यंत. तिसऱ्या दिवशी प्रज्ञाने डबी उपटून घरी आणली; टोपणं चाकांवरच राहिली.

"बाबा, माझे पेशंट कमी ओरडतात. हे नीट करून द्या, नाहीतर राहू द्या."

"देतो ना. सेटिंग करून राह्यलो."

हे सेटिंग दोन महिने चाललं. संध्याकाळी बघावं तर भाऊ ओट्यावर, मांडीवर डबी, डबीवर चार रेघा. गाडीच जवळ नाही तर आकडे दिसणार कुठून? मी विचारलं की "सेटिंग" हेच उत्तर.

मग एका संध्याकाळी प्रज्ञा दोन तास उशिरा आली. सागाच्या खुंटाने मागचा डावा कापला होता. हवा हळूहळू गेली, तिला कळलं तेव्हा टायरच्या चिंध्या झालेल्या. उतारावर गाडी नाल्याकडे घसरली आणि काठावरच्या मोहाच्या झाडाला अडली. गावातल्या चार माणसांनी धरून ती वर काढली. पोर ग्रीसने माखलेली, कोपर सोललेलं. ती एवढंच म्हणाली, "डबी असती तर आधीच कळलं असतं, बाबा."

ती हातपाय धुवायला आत गेली आणि माझा पारा चढला. "भाऊ, लाज वाटते का? दुनियेच्या गाड्यांची हवा मोजत फिरता आणि पोरीची डबी मांडीवर घेऊन बसता? काऊन?"

त्यांनी खिशातला गेज काढून हातात फिरवला.

"गुरुजी, गाडी तुमच्या फाटकापाशी आली का रेघा जाते, आकडे येते. चारही."

"अहो, त्याआधी इंजिनाचा आवाज येतोच की!"

"आवाज कोणाच्याबी गाडीचा येते. दिवसभरात दहादा फसतो मी. हे आकडे तिचेच. आन् छत्तीस दिसले का समजतो, टायर तापले, पोरगी न थांबता आली, जेवणाचा डबा तसाच वापस आणला असंन. मंग भात टाकतो. ती अंगणात येतपर्यंत आधण येते." त्यांनी गेज खिशात टाकला. "तिची माय गेली तवा मी जंगलात होतो. घरी पोचलो तवा सारे जमून होते. कोणी कळवलंच नाई मले. म्हणून वाटते, आपलं माणूस सुखरूप येऊन राह्यलं, हे पहिले समजलं पाह्यजे."

माझी सगळी मास्तरकी बसली.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाचं सातवं पान काढलं. इशारा सतरावर आणायची सोय तिथे छापलेली होती. पाच मिनिटांचं काम. भाऊंनी डबी स्वतः नेऊन जीपमध्ये चिकटवली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि घरात गेले.

मी मात्र प्रज्ञाकडे चुगली केली. शिक्षकांना खोड असते. ऐकून तिने जीपच्या चाकाला उगाच पायाने टोकरलं आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम भाऊंच्या ओट्यावर जाऊन बसलो. मांडी रिकामी, हातांना काय करावं सुचत नव्हतं. एक ट्रॅक्टर गेला, दूधवाला गेला, प्रत्येक आवाजाला माणूस अर्धा उठायचा. दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. घोटजवळ मोबाइलची रेंज लागते, तिथून.

हॅलो नाही, काही नाही. मला शेजारी बसून पोरीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"पुढचे तेहतीस, तेहतीस. मागचा उजवा चौतीस. मागचा डावा बत्तीस."

भाऊंनी डोळे मिटले.

"नवा आहे तो," ते म्हणाले. "सांभाळून आण त्याले."

फोन खिशात गेला, गेजच्या शेजारी. "बसा गुरुजी, जेवूनच जा," म्हणत ते तांदूळ धुवायला उठले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येतो. दोघं दुसरं काहीच बोलत नाहीत, फक्त चार आकडे. आणि आता मलाही, ते आकडे कानावर पडल्याशिवाय जेवण जात नाही.