साजूक तुपातलं मशीन

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करतात. नोकरीत होतो तोवर माझी त्या दिवशी कधी पंचाईत झाली नाही. पाटबंधारे खात्याच्या आमच्या ऑफिसात पंचिंग मशीन, स्टेपलर आणि साहेबांचा शिक्का यांना झेंडू वाहिला की माझं शस्त्रपूजन पुरं व्हायचं. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला मात्र लक्षात आलं, की आपल्याकडे पूजा करण्यासारखं हत्यारच उरलेलं नाही. (टीव्हीचा रिमोट धरला असता, पण तो बायकोच्या ताब्यात असतो.)

घरात खरं शस्त्र म्हणावं असं एकच, सुवर्णाचं केकचं मशीन. सुवर्णा म्हणजे माझी बायको. तिच्या भावाने फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेलं हे धूड आमच्या नाशिक रोडच्या घरात ओट्याचा अर्धा कोपरा अडवून बसलंय. खाली भांडं, वर वाकलेली लोखंडी मान आणि मानेतून भांड्यात लोंबणारं पातं. बटण दाबलं की पातं गरगर फिरतं आणि पीठ मळून निघतं. (सासरकडून आलेली एवढी एकच वस्तू माझ्यासमोर मान खाली घालून उभी असते.)

अलीकडे त्या मानेतून तपकिरी तेलाचा एखादा थेंब गळायचा. सुवर्णाने तिथे स्वच्छ कापडाची पट्टी गुंडाळली होती. दुरुस्ती दिवाळीनंतर, असं तिचं ठरलं होतं; कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीच्या मुलीचा, दिशाचा, साखरपुडा होता आणि त्यातल्या नानकटाईची जबाबदारी सुवर्णाने घेतली होती.

ही जबाबदारी साधी नव्हती. नवरामुलगा हर्षल गरीब स्वभावाचा, पण त्याच्या आजी आक्काबाई यांच्या होकाराशिवाय त्या घरात पानही हलत नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि नाकात जगातली सगळी शंका. याआधी एका ठिकाणी शिऱ्याला वनस्पती तुपाचा वास आला म्हणून त्या जवळजवळ ठरलेलं लग्न सोडून उठल्या होत्या. त्यामुळे दिशाचं लग्न, तिच्या आईची झोप आणि सुवर्णाची अब्रू असं सगळंच त्या नानकटाईवर येऊन थांबलं होतं.

खंडेनवमीला सकाळी सुवर्णा बहिणीकडे पंचवटीला निघाली. जाताना म्हणाली, "मशीन पुसा, हळदकुंकू वाहा, फूल ठेवा आणि बाजूला व्हा. उघडायचं नाही."

"मी कशाला उघडू?"

"मी तुम्हाला आजची ओळखत नाही."

मी मशीन पुसलं. फडकं काळं झालं. मनात विचार आला, आत एवढा मळ ठेवून वरून कुंकू लावायचं म्हणजे निव्वळ ढोंग. (माणूस तात्त्विक भूमिका घ्यायला लागला की घरातले स्क्रू ड्रायव्हर आधी लपवावेत.) फक्त एक स्क्रू काढून बघू, असं ठरवलं. एकाने मानेवरचं झाकण हललं नाही म्हणून बाकीचेही काढले.

आत दातेरी चाकं होती आणि त्यांच्यावर चिखलासारखा काळपट राप थापलेला. इतक्या वर्षांची घाण! सुवर्णाने कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. मी ती पोह्याच्या चमच्याने खरवडून काढली, मग साबणाची पूड आणि जुना टूथब्रश घेऊन चाकं घासली. अशी लखलखली की मला माझाच अभिमान वाटला. तो फार टिकला नाही, कारण तेवढ्यात गोरक्ष आले.

गोरक्ष आमचे शेजारी. अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते कॅन्टीन सांभाळायचे. पण आयुष्यभर मशीनच्या शेजारून चहा नेल्यामुळे यंत्रांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे, आणि दुर्दैवाने माझाही होता.

"भाऊसाहेब, एवढं चकचकीत कशानं केलं?"

"मळ काढला. हा बघा." मी वर्तमानपत्रात काढून ठेवलेला गोळा अभिमानाने पुढे केला.

गोरक्षनी तो बोटांत चोळला, हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. "भाऊसाहेब, हा मळ नाही. हे ग्रीस आहे. हे नसलं तर गिअर एकमेकांना खाऊन टाकतात."

"किती वेळात?"

"नानकटाई व्हायच्या आत."

मी वर्तमानपत्रातला गोळा पुन्हा जवळ ओढला. "मग हेच परत भरू या."

"साबण लागलाय त्याला. फेस येईल नानकटाईला."

मी द्वारका चौकातल्या एका ओळखीच्या ऑइल-ग्रीसच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आज हत्यारं पूजेला बसलीत. आज उद्या कुणी शटर उघडणार नाही." सगळ्या गॅरेजवाल्यांनी पाने-पक्कड फुलांखाली ठेवले होते. अख्ख्या नाशकात त्या दिवशी अवजाराला हात लावणारा मी एकटाच अधर्मी निघालो.

गोरक्षना त्यांच्या स्कूटरच्या डिकीतला ग्रीसचा डबा आठवला. ते उठलेही. माझं वाचन बरं असल्यामुळे मला नको तिथे शंका येतात. मी विचारलं, "यात प्राण्याची चरबी असते का हो?"

"असंल की. ग्रीस म्हणजे एक प्रकारची चरबीच."

मला डोळ्यांसमोर आक्काबाई दिसल्या. एका हाताने तुळशीची माळ धरून, दुसऱ्या हाताने हर्षलला ओढत त्या हॉलबाहेर पडत होत्या.

गोरक्षची नजर फळीवरून फिरत फिरत एका बरणीवर थांबली. सुवर्णाने महिनाभर साय साठवून, लोणी काढून कढवलेलं साजूक तूप. खास नानकटाईसाठी राखून ठेवलेलं.

"भाऊसाहेब, तूप."

"काय तूप?"

"घट्ट आहे. ओशट आहे. आणि आक्काबाईंना चालतं. ग्रीसमध्ये याच्याहून वेगळं काय असतं?"

मी तर्कशास्त्रावरची पुस्तकं वाचली आहेत. त्या युक्तिवादातली चूक मला सापडली नाही. (पुस्तकं परत वाचायला हवीत.) आम्ही तूप भरायला घेतलं. वरून एवढीशी दिसणारी ती मान एखाद्या पंगतीसारखी खात सुटली. "अजून थोडं" करता करता बरणी रिकामी झाली. मग झाकण बसवलं, स्क्रू आवळले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आतून-बाहेरून इतकं सोवळं मशीन साऱ्या नाशिक जिल्ह्यात नसेल.

संध्याकाळी सुवर्णा आली. गोरक्ष चहासाठी थांबले होते.

"अहो, बरणीतलं तूप कुठंय?"

मशीन उघडल्याचं सांगणं शक्यच नव्हतं. तिने सकाळीच बजावलं होतं. दुसरं काही सुचायच्या आत तोंडातून निघून गेलं, "खाल्लं."

"काय?"

"तूप. खाल्लं."

"बरणीभर?"

"वरणभात केला होता."

"कुकर तर घासून ठेवला तसाच आहे."

"म्हणजे... नुसतंच खाल्लं. चमच्याने."

दारातून आवाज आला, "मी नाही हं वहिनी. मी फक्त शेजारी बसलो होतो." आणि गोरक्ष चहा न घेता गेले.

मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली. माझ्याजवळ बसून कपाळाला हात लावत म्हणाली, "छातीत काही होतंय का?"

छातीत तेव्हा ढोल वाजत होता. मी खरं तेच सांगितलं, "होतंय."

तिने डॉक्टरांना फोन लावला. वाटीभर की बरणीभर, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग गरम पाणी, लंघन, दुधीचा रस आणि दसरा झाला की तपासण्या, अशी शिक्षा सुनावण्यात आली. दसऱ्याला अख्खी कॉलनी श्रीखंड-पुरी खात होती आणि मी दुधीच्या रसाचा पेला हातात धरून पलंगावर पडलो होतो. कान मात्र स्वयंपाकघरात होते. डेअरीतून नवीन तूप आलं होतं आणि मशीन सुरू होत होतं.

पहिल्यांदा आवाज छान आला. मग सुवर्णाचा आला.

"अहो, मशीनला आज तुपाचा वास येतोय."

"काल पूजेला तुपाचा दिवा लावला होता."

"तूप तर तुम्ही खाल्लं होतं."

"आधी दिवा लावला. मग खाल्लं."

मशीन तापत गेलं असणार आणि त्याबरोबर आतलं तूप पातळ होत गेलं असणार. गळतीची पट्टी तर मी कालच मळकी म्हणून फेकून दिली होती. मी पलंगावर डोळे मिटून, मानेतून थेंब थेंब भांड्यात पडणारं ते तूप मनाने मोजत होतो.

"प्रमाण नेहमीचंच आहे. पीठ सैल का होतंय मेलं?"

ती मैदा घालत राहिली, मशीन तूप घालत राहिलं. शेवटी मैद्याने हात टेकले. नानकटाई भाजून आली तेव्हा पसरून चपटी झाली होती आणि बोट लावलं की बोट चमकत होतं. एकीवर मला काळा ठिपका दिसला. मी चाकं धुतली होती, पण कानाकोपऱ्यातलं सगळं ग्रीस निघालं होतं की नाही, देव जाणे. मी तिकडे हात नेताच सुवर्णाने चापट मारली. "तुम्ही तुपाच्या पदार्थाकडे बघायचंसुद्धा नाही! वेलदोडा आहे तो."

साखरपुड्याला मी भिंतीला टेकून उभा होतो, म्हणजे पडलो तर मागे आधार. अंगठ्या झाल्या, पेढा भरवून झाला आणि नानकटाईची ताटली आक्काबाईंपुढे गेली. त्यांनी सगळ्या सोडून नेमकी ठिपक्याची उचलली.

त्यांनी ती दाबली. बोटांना लागलेलं तूप चोळून पाहिलं. हुंगलं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि उरलेल्या दातांनी सावकाश चावत राहिल्या.

"ही कुनी केली?"

सुवर्णाच्या बहिणीने क्षणाचाही विलंब न लावता सुवर्णाकडे बोट दाखवलं. सख्खी बहीण.

"लय तूप घातलंय."

सुवर्णाचा चेहरा पांढरा पडला. "हो, म्हणजे, जरा जास्तच..."

"जास्त नाय, बराबर हाय. पोरीच्या मावशीनं हात आखडला नाय. माझ्या आईनंतर आज खाल्ली अशी." त्यांनी दुसरी उचलली. "पोरगी आमची. आन् लग्नाला हीच नानकटाई पायजे. हाच वास, हीच चव. हातानं केली का मशिनीवर?"

"मशीनवर, आक्का."

"मग त्याच मशिनीवर कर."

हॉलभर हशा पिकला. दिशाच्या आईने डोळे पुसले. सुवर्णा आनंदाच्या भरात बोलून गेली, "अजूनही तूप घातलं असतं हो आक्का, पण आमच्या ह्यांनी बरणीभर नुसतं खाऊन टाकलं."

आक्काबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं. "ह्यांनी? अंगाला तर काय लागलं नाय."

त्या दिवसापासून पंचवटी ते नाशिक रोड मी तूप खाणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. लोक घरी आले की माझ्यापासून डबे दूर सरकवतात. तेही मी सोसलं असतं. पण लग्नाआधी नमुना म्हणून सुवर्णाने परवा मशीन पुन्हा लावलं, तेव्हा ते गिरणीसारखं घरघरलं. आंबूस वास आला आणि मागच्या बाजूने बारीक धूर निघाला. ती ओल्या हातांनी, अनवाणी, त्याच्यासमोर उभी होती. माझी सगळी जुनी भीती एका बाजूला राहिली आणि नवी भीती पुढे आली. मी धावत जाऊन प्लग ओढला आणि म्हणालो, "सुवर्णा, ते तूप मी खाल्लं नव्हतं. मी मशीन उघडलं होतं. सगळं तूप मशीनमध्ये भरलंय."

ती हसायला लागली. पदराने डोळे पुसत हसली.

"अहो, खाल्लं तर खाल्लं. आता तपासण्यासुद्धा झाल्या. कशाला लपवताय?"

"अगं, खरं सांगतोय. गोरक्षना विचार."

"विचारलं होतं मी. ते म्हणाले, खाताना डोळ्यांनी पाहिलं."

"खोटं बोलतायत ते!"

"हे बघा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही हावरट आहात, हे मला आपल्या लग्नाच्या पंगतीतच कळलं होतं. पण मशीनमध्ये तूप ओतण्याइतके बावळट तुम्ही नाही. शेवटी एवढं वाचन आहे तुमचं."

माझ्या बुद्धीबद्दल तिने काढलेला हा संसारातला पहिलाच बरा शब्द. तो खोडून काढायचं धैर्य मला झालं नाही. मी दुधीचा रस प्यालो.

मशीन आज सकाळी तिने अंबडच्या एका कारागिराकडे पाठवलंय. दुपारून उघडतो आणि आत काय झालंय ते वहिनींनाच फोन करून सांगतो, असा त्याचा निरोप आहे. तिचा फोन समोर टेबलावर आहे, ती शेजारी शेंगा सोलत बसली आहे आणि मी हे लिहितो आहे. फोन वाजेपर्यंत मी हुशार माणूस आहे.