अंतराचे केस, पाच वाजेपर्यंत

अंतराचे केस मी सोडवून दिले तर मला काय मिळणार, हे मी पाडव्याच्या दुपारी एक वाजताच मनात मांडून ठेवलं होतं. अंतरा जन्मभर माझं नाव काढणार, हा किरकोळ फायदा. तिची आई रुचिता निदान दिवाळीपर्यंत माझ्यापुढे ठाण्याच्या घोडबंदर रोडची हवा, सत्ताविसाव्या मजल्यावरचा व्ह्यू आणि तीन-तीन लिफ्ट यांचं कौतुक करणार नाही, हा मधला. आणि माझी बायको चित्रा, जिच्या मते अठ्ठावीस वर्षांत मी हातात घेतलेलं एकही काम धड झालेलं नाही, तिला चारचौघांत म्हणावं लागणार, "ह्यांनी केलं हो!" हा घसघशीत! आणि त्या बदल्यात घालायचं काय? थोडं तेल आणि एक कंगवा. असा सौदा डोंबिवलीत रोज चालून येत नाही!

अंतरा म्हणजे चित्राच्या भावाची, विनीतची मुलगी. वय एकोणीस. तिच्या केसांना नुसतं कुरळे म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखं आहे. प्रत्येक केस स्वतःच्या मतानं चालणारा. एक स्प्रिंगसारखा, शेजारचा जिलबीसारखा, त्याच्या मागचा जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा! सगळे मिळून डोक्यावर असा डौलदार ढग उभा करतात की दारातून आधी पोरगी आत येते की केस, ते सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही घरांत मिळून बघण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

पण रुचिताला तो 'प्रॉब्लेम' वाटतो. दहावीपासून ती पोरीला पार्लरमध्ये नेऊन केस इस्त्री केल्यासारखे सरळ करून आणायची. दोन वर्षांपूर्वी अंतरानं "बास" म्हटलं. सरळ केलेला भाग इंच-इंच कापत गेली आणि मूळचे केस वाढवले. दोन वर्षं! एवढ्या चिकाटीनं मी साधा चहासुद्धा सोडू शकलो नाही. रुचितानं अट घातली होती, "सांभाळता आले तर ठेव. ज्या दिवशी गुंता होऊन बसेल, त्या दिवशी मी म्हणेन तिथं यायचं."

तो दिवस आणला आमच्या डोंबिवलीच्या स्वागतयात्रेनं. अंतरा बाइकवरून मिरवायला आमच्याकडे आली होती. पहाटे पाचला केसांवर कडक फेटा बांधला, सहापासून बारापर्यंत ऊन, घाम, धूळ, ढोल, सगळं डोक्यावर घेतलं. घरी येऊन फेटा उतरवला. फेटा उतरला, केस उतरले नाहीत! फेट्याच्याच आकारात, तुऱ्यासकट, तसेच उभे!

नेमका तेव्हाच रुचिताचा व्हिडिओ कॉल.

"अगं, हे काय?"

"थोडासा गुंता झालाय, आई."

"थोडासा? त्यात चिमणी राहील! मी पाचला येतेय. पाचपर्यंत सुटले तर ठीक. नाहीतर पाडव्याची ऑफर आहे, सहाची अपॉइंटमेंट घेतेय!"

फोन बंद झाला. अंतराचा चेहरा एवढासा झाला. "काका, ती परत सरळ करून आणणार. दोन वर्षं गेली."

"गेली कशी? मी बसलोय ना! अगं, गणपतीतल्या लाइटच्या माळा बिल्डिंगमध्ये कोण सोडवतं? मी! एक तास. फार तर सव्वा!"

शिवाय घोडबंदर रोडवर माझा भक्कम भरवसा होता. पाचला येते म्हणणारा माणूस त्या रस्त्यानं कधी सातच्या आत आलेला नाही.

पहिला कंगवा आत गेला आणि तीन दात कमी होऊन बाहेर आला.

"काका! कोरड्या केसांत कंगवा नाही घालायचा. तेल लागतं. भरपूर."

"मग आधी नाही का सांगायचं?"

बाथरूममधल्या बाटलीच्या तळाला जेमतेम चमचाभर तेल. चित्रा स्टेशनजवळच्या पन्ह्याच्या स्टॉलवर सेवेला गेलेली. मी स्वयंपाकघरात शोधाशोध केली आणि फ्रीजवर सापडली खोबरेलाची रुंद तोंडाची निळी बाटली, काठोकाठ भरलेली! झाकण उघडलं. आत कढीपत्ता, मेथ्या, बारीक काळे दाणे आणि सोन्यासारखं पिवळंधमक तेल. माझ्या लगेच लक्षात आलं. हल्ली घरोघरी बायका कढीपत्ता-मेथी घालून केसांचं तेल काढतात. चित्रानंही गुपचूप काढलेलं दिसतंय! वासाचा प्रश्नच नव्हता, यात्रेच्या धुळीनं माझं नाक सकाळपासून बंद.

"काका, याला वडापावच्या गाडीसारखा वास येतोय."

"पहाटेपासून उपाशी आहेस, म्हणून. हे बघ, कढीपत्ता. हे काळे दाणे म्हणजे कलौंजी."

अंतरानं मोबाइलवर पाहिलं. "हो, कढीपत्ता आणि कलौंजी केसांना बेस्ट असतं म्हणे."

झालं! विज्ञानानंही होकार दिला. मी हात आखडता घेतला नाही. आख्खी बाटली उपडी केली!

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग तिच्या कपाळावरून एक पिवळा ओघळ नाकावर आला. पांढरा टॉवेल हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसू लागला. इतक्यात बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधला सौमित्र.

"काका, आज काय बेत? जिन्यापर्यंत घमघमाट आहे. आमच्याकडे जेवणं झाली, तरी पोटात कावळे ओरडायला लागले!"

"काही नाही रे, केसांचं तेल आहे."

तो माझ्याकडे असा बघत परत गेला की आजही लिफ्टमध्ये भेटला की आधी माझ्या डोक्याकडे बघतो.

दार लावतोय तोच चित्राचा फोन.

"अहो, मला घरी यायला पाच होतील. विनीतच्या घरचे येतील, त्यांना पुरी-भाजी करायचीय. बटाटे उकडून, चिरून, मीठ लावून ठेवलेत. फ्रीजवर खोबरेलाच्या बाटलीत आठवड्याची फोडणी करून ठेवलीय. ती नुसती गरम करून ओतायची. एवढं जमेल ना?"

माझ्या हातातला कंगवा थांबला. "फोडणी? म्हणजे मोहरीची?"

"मग काय, मोत्यांची? हळद, हिंग, मेथ्या, कढीपत्ता, सगळं आहे त्यात. तुम्हाला फक्त ओतायचंय. ओताल ना?"

"ओतली."

"अरे वा! कधी?"

"मगाशीच."

"सगळी?"

"सगळी."

"कमाल आहे तुमची! एवढी लागत नव्हती हो. बरं, आता नीट ढवळा."

"तेच करतोय," मी म्हणालो.

फोन स्पीकरवर होता. अंतरानं आरशात पाहिलं. कपाळ पिवळं, कानामागे कढीपत्ता, केसाकेसात मोहरी. मला वाटलं आता ही भोकाड पसरणार. पण या पोरीचं मला कौतुक वाटतं ते इथं! तिनं स्वतःला निरखलं आणि म्हणाली, "काका, मी खमंग झालेय." आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले, पण ते पाणी हसण्याचं नव्हतं हे मलाही कळलं. "किती वाजले?" तिनं विचारलं.

"पावणेतीन. चल, आधी धुऊन टाकू!"

तिला उठवून बाथरूमकडे नेतोय तोच दारात गंगुबाई उभी. गंगुबाई कल्याणजवळच्या मोहने गावची. आमच्या गेटशी वर्षानुवर्षं फुलं विकते. चित्रानं संध्याकाळसाठी गजरे सांगितले होते, ते घेऊन वर आली होती. तिनं एकदा हवा हुंगली, एकदा अंतराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय रं भाऊ, पोरीच्या डोक्याला फोरणी दिली का?"

ज्या गोष्टीला मला दीड तास आणि एक फोन लागला, ती बाईनं उंबऱ्यातून ओळखली!

"चुकून झालं गंगुबाई. आता धुतोच."

"खबरदार पानी लावशील तर! गुंत्याला पानी लागला का त्याचा दगर व्हईल. मंग कातरच लावाया लागंल."

अंतराचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

"पण हे फोडणीचं तेल..."

"तेल त तेल हाय! आमची आय उरलेला कंचाबी तेल चोलायची आमच्या डोक्याला. तलनीचा नायतर दिव्याचा. खोबरेल कुठं परवरत व्हता? माजं पन असंच हायत, बघ!" तिनं अंबाड्यातून एक बट ओढून दाखवली. पांढरी, पण अशी ऐटीत वळलेली की अंतरा बघतच राहिली. "बस गो बाय खाली. आन तू, कपऱ्याचं चिमटं आन. आन येक वाटी."

वाटी मोहरीसाठी होती!

मग मी जे पाहिलं त्यापुढे माझ्या लाइटच्या माळा म्हणजे पोरखेळ. तिनं कंगवा हातातच घेतला नाही. बोटांनी केसांचे आठ वाटे केले, सात चिमट्यांनी बांधून बाजूला टाकले. उरलेला एक तळहातावर घेतला आणि टोकाशी लागली. टोकाशी! मी मुळापासून खाली ओढत होतो, तर ती टोकापासून वर चढत होती. गाठ आली की बोटांत तेल घ्यायचं, गाठीवर चोळायचं, ती सैल पडेपर्यंत थांबायचं, मग एकेक केस असा काढायचा जसा ती दोऱ्यातून अडकलेला मोगरा काढते. एक गाठ सुटली की दोन इंच वर. अंतरानं एकदाही "आई गं" म्हटलं नाही. वाटा पूर्ण सुटला की मगच मोठ्या दातांचा कंगवा, तोही खालूनच. आणि शेवटी केस बोटाभोवती वळवून सोडून द्यायचा. तो टणकन उडी मारून आपल्या जागी जाऊन बसायचा. चकचकीत, भरदार, जिवंत!

माझ्याकडे चिमटे धरण्याचं आणि मोहरी वेचण्याचं काम आलं होतं. मध्येच मी न राहवून म्हणालो, "गंगुबाई, जरा हात उचला, पाचची वेळ आहे."

"येवरी घाई कनाला? घाईनं तुजाच कंगवा मोरला ना?"

मी पुन्हा मोहरी वेचू लागलो.

चार वाटे झाले, पाच झाले. चार वाजले. मी निश्चिंत होतो, अजून तीन तास होते. आणि साडेचारला बेल वाजली. दारात रुचिता!

"तू? एवढ्यात?"

"अहो भावोजी, सुट्टी ना आज! घोडबंदर रोड रिकामा. पन्नास मिनिटांत आले!"

आयुष्यात ज्या एका गोष्टीवर मी विसंबलो, तिनंही ऐन वेळी दगा दिला. मी आतल्या खोलीचं दार अडवून उभा राहिलो. आधी तिला खिडकीतली गुढी दाखवली. मग पाणी दिलं. मग आमच्या गॅलरीतला व्ह्यू दाखवला. त्यात समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले लेंगे होते.

"भावोजी, बाजूला व्हा. वास कसला येतोय?"

"बटाट्याच्या भाजीचा!" हे मी खोटं बोललो नाही. भाजीला जायचा तोच वास होता तो.

ती आत गेलीच. खाली बसलेली अंतरा, मागे गंगुबाई, वाटीत मोहरी, कानामागचा शेवटचा वाटा अजून घट्ट. रुचितानं फोन हातात घेतला.

"पाच वाजायचेत अजून, आई," अंतरा मान न हलवता म्हणाली. "वीस मिनिटं आहेत."

रुचिता पलंगावर टेकली. मी घड्याळाकडे पाहत होतो, गंगुबाई एकदाही पाहत नव्हती. शेवटची गाठ सुपारीएवढी होती. ती वाटाण्याएवढी झाली. मग मोहरीएवढी. आणि पाचला तीन मिनिटं असताना तिनं ती बट बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"जा गो बाय. झाला."

अंतरा उभी राहिली. खरं सांगतो, एवढे देखणे केस मी कुणाच्याही डोक्यावर पाहिलेले नाहीत. सकाळच्या ढगात आता प्रत्येक वळण सुटं दिसत होतं आणि उन्हाची तिरीप पडल्यावर त्यात सोनेरी झाक मारत होती. ती हळदीची होती, पण ते आम्हालाच ठाऊक!

रुचितानं हात पुढे केला, एक बट खाली ओढली, सोडली. बट उडून जागेवर बसली. रुचितानं ती परत ओढली. गंगुबाई रुचिताच्या सरळ केसांतल्या भांगाकडे निरखून पाहत होती.

"तुजं पन असंच हायत की गो. केसांच्या मुलाशी दिसतान."

रुचिताचा हात आपल्या भांगावर गेला. "होते," ती म्हणाली. मग भांग चाचपत, "परत यायला किती दिवस लागतात?"

"दोन वर्षं," अंतरा म्हणाली. "मी असते ना."

रुचितानं फोन उघडून सहाची अपॉइंटमेंट रद्द केली. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भावोजी, हे तेल कुठलं हो? काय शाइन आहे! मला एक बाटली मागवून द्या ना."

मी तोंड उघडणार, तोच दार उघडून चित्रा आत आली. "काय हो, भाजीत फोडणी नीट मुरली ना?"

पुढचा अर्धा तास सगळ्या नुसत्या हसत होत्या. गंगुबाई तर पदर तोंडात धरून जमिनीवर लोळायची बाकी होती. हसून दमल्यावर रुचिता म्हणाली, "ताई, काही म्हणा, गंगुबाईंच्या हाताला तोड नाही." चित्रा म्हणाली, "ते तर आहेच." माझं नाव निघालं ते फक्त टॉवेल कुणी पिवळा केला या संदर्भात.

तर शेवटी जमाखर्च असा. अंतराला तिचे केस मिळाले. रुचिताला तिचे मिळणार आहेत. गंगुबाईला त्या दोघींनी पुढच्या रविवारी घरी जेवायला बोलावलं, आणायला गाडी पाठवणार आहेत. चित्राला सगळ्या नातेवाइकांत सांगायला एक किस्सा मिळाला, तो तिनं रात्री आठपर्यंत अकरा जणांना सांगितला. भरलं कुणी? ताटं वाढली तेव्हा कळलं. चित्रानं सगळ्यांसाठी खालच्या दुकानातून कोथिंबीर वड्या आणि ढोकळा मागवला. माझ्या ताटात तेवढे उकडलेले बटाटे वाढले, पांढरेफटक, बिनफोडणीचे.

मी मुकाट्यानं खाल्ले. मीठ मात्र बरोबर पडलं होतं.