इनासभाऊंचा पाच ते सहा

इनासभाऊंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बसमागे धावत होतो, आणि त्यांनी शिट्टी मारली. रेफरी मारतो तशी, कानठळ्या बसवणारी. मी दचकून थांबलो. भुईगावच्या नाक्यावर खाकी हाफपँटमधला, सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस हात वर करून उभा होता. "फाऊल! दोन्ही पाय हवेत होते. मागं जा नि चालत ये." आणि मी, सरकारी कचेरीत आयुष्यभर कुणाचं न ऐकलेला सावंत, खरंच मागं गेलो. बस निघून गेली. "जाऊ दे ती," ते म्हणाले. "तुझी चाल बरी हाय. संध्याकाळी पाचला मैदानात ये."

पाच ते सहा या वेळात भुईगावच्या मैदानावर चालत फुटबॉल खेळतात. भाऊंच्या मुलीने कॅनडातून मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. तिकडची पिकल्या केसांची माणसं असा खेळ खेळतात. नियम एकच, धावायचं नाही. एक पाय कायम जमिनीला हवा. भाऊ तरुणपणी गावाच्या टीममध्ये डावीकडून खेळायचे, पुढे सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना बसायला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, चर्चमधल्या मंडळींनी तर खुर्चीही पुढे केली. भाऊंना 'बसा' या शब्दाचाच राग. "बसून काय करू? अंडी उबवू?" असं त्यांनी एका पाहुण्याला त्याच्याच घरी विचारलं होतं.

त्यांची दुसरी खोड आम्हाला जास्त छळायची. कुणी एक दिवस आलं नाही, की सहा वाजता खेळ संपल्यावर भाऊ बॉल काखेत मारून त्याच्या दारात. कारण सांगितल्याशिवाय सुटका नाही. मी आणि बायको एकदा कोणालाही न सांगता चार दिवस कुडाळला गेलो. भाऊंनी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला फैलावर घेतलं, शेजारच्यांना उठवलं, सोसायटीच्या रजिस्टरमधून पुण्याच्या माझ्या मुलाचा नंबर काढला. मुलाचा मला घाबराघुबरा फोन. "बाबा, तुम्ही बरे आहात ना? कोणीतरी रेफरी तुम्हाला शोधतोय." मी परत येऊन भाऊंवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, ही काय शाळा आहे का? ते शांतपणे म्हणाले, "सांगून जायचं. एवढं काय कठीन हाय?"

मग मैदानाच्या कमिटीचे नवे चेअरमन आले. तरुण, उत्साही, प्रत्येक वाक्यात 'डेव्हलपमेंट'. त्यांना आमचा तास मुलांच्या कोचिंगला हवा होता. "तुमच्यासाठी कडेला छान बाकडी टाकतो, काका. सावली करतो. निवांत बसा."

'बसा' म्हटल्यावर संपलंच. भाऊंनी शिट्टी मारली, कमिटीच्या मीटिंगमध्ये. "आम्ही गावाचे न्हाय काय? मैदान कोनाच्या बापाचं?" चांगलाच आवाज चढला. शेवटी चेअरमननी मोडता घालावा म्हणून अट घातली. येत्या रविवारी पाच वाजता ते मोजायला येतील. वीस खेळाडू मैदानात दिसले, तर तास आमचा. एकोणीस असले, तर बाकडी.

आम्ही होतो अकरा जण, आणि हातात आठ दिवस.

भाऊ मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभे राहिले, आरती झाल्यावर देवळाच्या पायरीवर. जो भेटेल त्याला आधी चालायला लावायचे आणि मगच नाव विचारायचे. असे चार मिळाले, पुढे गाडी अडली. मंगळवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर बाजारात होतो. वटारहून मार्थाबाय भाजीची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. साठीची बाई, पाटीत मुळा, मेथी, वर केळ्यांची फणी. गर्दीतून ती सगळ्यांना मागे टाकत आली. पाटी जराही हलली नाही. भाऊ रस्त्यातच थांबले. "सावंत, हिचे पाय बघ! हिला जन्मात फाऊल लागनार न्हाय!"

मार्थाबायने आधी त्यांना वेड्यात काढलं. मग विचारलं, "पाटी खाली ठेवून खेलायचं ना? मग काय, सोपंच हाय." बुधवारी ती आणखी चार भाजीवाल्यांना घेऊन आली. लुगडी वर खोचून त्या मैदानात उतरल्या आणि आम्हा पुरुषांची शोभा झाली. जन्मभर ओझं घेऊन भराभर चाललेल्या बाया त्या, धावायचं त्यांच्या डोक्यातच येईना. आम्ही मात्र बॉल दिसला की धावायचो आणि शिट्टी खायचो. मला एका तासात नऊ फाऊल लागले. आमच्यातले एक-दोघे कुरकुरले, बायांबरोबर कसलं खेळायचं म्हणून. "हरायची भीती वाटते तर तसं सांग," भाऊ म्हणाले. कुरकुर थांबली. आम्ही आता बरोबर वीस होतो.

रविवारी पाचला चेअरमन वही घेऊन हजर. मोजले. एकोणीस. देवराम नव्हता. देवराम मूळचा पाचूबंदरचा, होडीवर आयुष्य गेलेलं. आता दोन गल्ल्या पलीकडे मुलाच्या घरात एकटाच राहतो, मुलगा दुबईला. फोन केला, उचलेना. चेअरमन घड्याळ बघू लागले. मी भाऊंना कोपऱ्यात घेऊन म्हटलं, नाक्यावरच्या रिक्षावाल्याला पाच मिनिटं उभा करू, पन्नाशीचा आहे, वीस भरतील.

"वीस भरायचे न्हायत मला," भाऊ म्हणाले. "देवराम कुठं हाय?"

आणि ते धावत सुटले. मागून मार्थाबाय ओरडली, "भाऊ, फाऊल!" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला राग आला, अगदी मनापासून. आठ दिवसांची मेहनत हा माणूस एका माणसापायी घालवतोय, असं वाटलं. तरी मी त्यांच्यामागे धावलो.

दार आतून बंद होतं. भाऊ घराला वळसा घालून मागे गेले. देवराम परसातल्या मोरीजवळ भिंतीला टेकून बसला होता. दुपारी पाय घसरला होता, घोटा टम्म सुजलेला, उठता येईना आणि फोन घरात. हाका मारून आवाज बसलेला. आम्हाला पाहून तो पहिलं वाक्य बोलला, "इनास, वीस झाले का?"

भाऊंनी त्याला असल्या शिव्या दिल्या की इथे लिहिता येणार नाहीत. शिव्या देता देताच त्यांनी त्याला प्यायला पाणी दिलं. मी रिक्षा आणली. देवराम हटून बसला, आधी मैदान, मग दवाखाना.

मैदानात मार्थाबायने चेअरमनना जाऊ दिलं नव्हतं. रिकामे उभे कशाला राहता म्हणून खेळायला लावलं होतं, आणि त्यांना धावल्याबद्दल चार फाऊल दिले होते. आम्ही देवरामला प्लास्टिकच्या खुर्चीवर गोलमध्ये बसवलं. चेअरमन धापा टाकत म्हणाले, "पण हे चालू शकत नाहीत!"

"गोलकीपर कधी चालला?" भाऊंनी विचारलं. "मोज!"

चेअरमननी खुर्चीकडे पाहिलं, आमच्या एकोणीस तोंडांकडे पाहिलं, आणि वहीत वीस लिहिलं.

देवरामच्या घोट्याला प्लॅस्टर बसलं. दवाखान्यातून त्याला घरी सोडून आम्ही दोघे परतत होतो. भाऊ एका बंद घरासमोर थांबले. अंगणात वाळलेली पानं साचली होती. "आमच्या आंतोनचं घर," ते म्हणाले. "सख्खा भाऊ. पोरं भायेर. दोन दिवस पडून होता आत. मी त्याच्यापासून चार घरांवर राहतो, सावंत. मला वाटलं, गेला असेल कुठंतरी." 'ही काय शाळा आहे का' असं मी त्यांना म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

त्यांच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी खिशातून एक किल्ली काढून माझ्या हातात कोंबली. भाऊंची बायको जाऊन पाच वर्षं झालीत. घरात ते एकटेच. "पाचला मी मैदानात नसलो, तर सव्वापाचला ये. कडी वाजवत बसू नको, सरल उघड." एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता आत गेले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ती किल्ली हातात घेऊन पाहिली. मग दाराजवळच्या खिळ्यावरची आमची दुसरी किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"ही त्यांना देऊन या," ती म्हणाली. "उद्या नको, आत्ताच."